विमानाची बॅटरी उतरली तर?

तलासरीजवळच्या एका शाळेत मध्यंतरी बोलायला गेलो होतो. विषय होता आपल्याकडच्या हवाई टपालाचा इतिहास. भाषण संपल्यावर ‘कुणाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटले की शाळांमधून एक ठरावीक शांतता पसरते. ती पसरली. मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, विमानाची बॅटरी उतरली तर?’’ मी काही बोलायच्या आतच तिने खुलासा केला, ‘‘आमच्या बाबांच्या जीपची उतरते. मग आम्ही सगळे ढकलतो. वर कोण ढकलणार?’’

वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. ज्या विमानाबद्दल मी तासभर बोलत होतो, त्याची सगळी गोष्ट या एका प्रश्नापासून सुरू करता आली असती आणि मला ते सुचले नव्हते. मी उत्तर द्यायला लागलो तोच घंटा झाली. ते अर्धे राहिलेले उत्तर आज पुरे करतो.

ज्या विमानाबद्दल बोलत होतो ते १५ ऑक्टोबर १९३२ चे. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका लहानशा ‘पस मॉथ’ विमानातून निघाले. लंडनहून इंपीरियल एअरवेजने आणलेले टपाल त्यांना मुंबईला पोहोचवायचे होते. टपालाचे वजन सुमारे २५ किलो. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरले. ते पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर लादून आणले होते. दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून पुढे टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. टाटांच्या विमानसेवेचा, म्हणजे पुढच्या एअर इंडियाचा, हा जन्मदिवस.

आता नकाशा घ्या आणि अहमदाबाद व जुहू या दोन ठिकाणांना पट्टी लावून रेघ ओढा. ती जवळजवळ सरळ दक्षिणेला येते आणि डहाणू तालुक्यावरून जाते. दक्षिणेकडे तोंड करून येणाऱ्या वैमानिकाच्या उजव्या हाताला डहाणू गाव आणि समुद्र, डाव्या हाताला तलासरी. टाटा सरळ आले असोत की किनाऱ्याकिनाऱ्याने, डहाणू वाटेत येतेच. पालघर जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. १९३२ साली हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पण आकाशातून दिसणाऱ्या खुणा त्याच होत्या. बीबीसीआय रेल्वेचे रूळ, घोलवड-बोर्डीचा सपाट किनारा, डहाणूची खाडी, आणि पूर्वेला महालक्ष्मीचा तो वर सुळका निघालेला डोंगर. त्या डोंगराची खूण डहाणू भागातल्या कुणालाही सांगावी लागत नाही. १९३२ च्या वैमानिकाच्या नकाशाइतकेच महत्त्व अशा खुणांना होते, कारण विमानात रेडिओ नव्हता. जमिनीवरून दिशा सांगणारे कुणी नव्हते. होकायंत्र, नकाशा आणि डोळे एवढ्यावर काम होते.

आणि मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच आहे. त्या जातीच्या विमानाला हवेत राहण्यासाठी बॅटरी लागतच नसे.

हे कसे ते समजायला विमानापर्यंत जायची गरज नाही. ज्यांनी जुनी लूना चालवली आहे त्यांना ते ठाऊक आहे. लूनाला बॅटरी नव्हती. पायडल मारले की चाकाबरोबर चुंबक फिरे, त्यातून वीज तयार होई आणि प्लगमध्ये ठिणगी पडे. एकदा इंजिन फिरू लागले की तेच स्वतःची ठिणगी तयार करी. सायकलच्या डायनॅमोचे हे थोरले भावंड. त्याला म्हणतात मॅग्नेटो. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीत ठिणगीसाठी वीज बॅटरीकडून यायची, म्हणून बॅटरी पार संपली, चार्जिंगही बंद पडले, तर मोटार थांबायची. विमानात असे होऊन चालणार नाही हे फार लवकर कळले. म्हणून विमानाच्या इंजिनाला मॅग्नेटो, आणि तेही दोन. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक या मॅग्नेटोचा, एक त्या मॅग्नेटोचा. एक मॅग्नेटो गेला तर दुसऱ्यावर इंजिन चालते, फक्त थोडी ताकद कमी होते. आजही लहान विमानाचा वैमानिक धावपट्टीवर जाण्याआधी दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून पाहतो.

राइट बंधूंनी १९०३ साली जे पहिले उड्डाण केले त्यातही हीच युक्ती होती. इंजिन सुरू करण्यापुरती कोरड्या बॅटरीची पेटी जमिनीवर ठेवायची, इंजिन लागले की तारा काढून घ्यायच्या आणि पेटी तिथेच सोडून निघून जायचे. पुढे चालवायला मॅग्नेटो होता. म्हणजे विमानाला ‘ढकलणारे’ खालीच असत, वर त्यांची गरज नसे.

पस मॉथ, टायगर मॉथ या जातींच्या विमानांत ढकलणारा म्हणजे हाताने पंखा फिरवणारा माणूस. चाकांना अडण लावायची, वैमानिकाने स्विच बंद असल्याचे ओरडून सांगायचे, पंखा दोन-चार वेळा फिरवून सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढून घ्यायचे, मग ‘कॉन्टॅक्ट’ अशी आरोळी, स्विच चालू, आणि पंख्याला एक जोरदार झटका देऊन माणसाने मागे सरायचे. डहाणूच्या खाडीतल्या जुन्या मच्छीमारांना यात काहीच नवल वाटणार नाही. बोटीच्या डिझेल इंजिनाला हँडल मारण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली असते. फरक इतकाच, की हँडल हातातून सुटले तर मनगट मोडते, आणि पंख्याच्या बाबतीत चूक झाली तर त्याहून फार वाईट होते.

त्या काळच्या वैमानिकाला काळजी बॅटरीची नसे, प्लगची असे. याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. गोष्ट १९३० ची. आगाखानांनी बक्षीस लावले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट असा प्रवास विमानाने एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंड. टाटा कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्याजवळ जादा प्लग नव्हते. टाटांनी स्वतःजवळचे प्लग त्याला दिले. त्याने उपकाराची फेड म्हणून आपले पाण्यात तरंगणारे जाकीट त्यांना दिले. शर्यत अ‍ॅस्पीने थोडक्या तासांनी जिंकली. पुढे तो भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. ही गोष्ट सांगताना टाटांच्या खिलाडूपणाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक दिसते. दोघांच्या सामानात सुट्या भागांची जागा कशाने भरायची हा एक निर्णय होता, आणि त्या निर्णयावर एक माणूस पुढे गेला किंवा अडकून पडला.

मग बॅटरी आली कशाला? तीन गोष्टींसाठी. बटण दाबून इंजिन सुरू करणारा स्टार्टर, रात्रीचे दिवे आणि रेडिओ. पहिल्या दोन्हींवाचून दिवसा उडणाऱ्या लहान विमानाचे काही अडत नाही. भारतात बनलेले ‘पुष्पक’ घ्या. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या या विमानाने १९५८ साली पहिले उड्डाण केले आणि आपल्या फ्लाइंग क्लबांमधून वैमानिकांच्या एका पिढीने त्यावर हात साफ केला. त्याच्या ९० अश्वशक्तीच्या काँटिनेंटल इंजिनाला ना स्टार्टर होता, ना जनरेटर. पंखा हातानेच फिरवायचा. वजनाच्या हिशेबात ते बरोबरही होते. विमानातली ३५ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे १३ किलो भरते. १९३२ च्या पस मॉथमध्ये ती ठेवली असती तर निम्म्या टपालाइतके वजन नुसते बसून प्रवास करत आले असते.

अडले ते रेडिओपाशी. जुहूच्या शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ उभा राहिला, जेट विमाने आली, आणि त्या हद्दीत शिरणाऱ्या लहान विमानालाही जमिनीवरच्या नियंत्रकाशी बोलणे भाग झाले. पुढे त्यात ट्रान्सपाँडर या पेटीची भर पडली. रडारला हे विमान कोणते, किती उंचीवर, ते ती सांगते. आता बॅटरी संपली तर इंजिन चालूच राहते, विमान पडत नाही, पण ते मुके होते. गजबजलेल्या आकाशात मुके विमान म्हणजे रात्री बत्ती न लावता हायवेवर आलेली बैलगाडी. तलासरीच्या लोकांना हे उदाहरण पुरे. मुंबई-अहमदाबाद रस्ता त्यांच्या दारातूनच जातो.

म्हणून आज कुणाजवळ असे जुने विमान असेल आणि त्याची बॅटरी बदलायची असेल, तर प्रश्न ‘इंजिन सुरू होईल का’ एवढाच नसतो. ‘कुठपर्यंत बोलता येईल’ हा खरा प्रश्न असतो. तो आपण डहाणूच्याच वाटेवर सोडवून पाहू.

समजा, एका जुन्या विमानाला जनरेटर नाही. जमिनीवर चार्ज करून नेलेल्या बॅटरीवरच रेडिओ आणि ट्रान्सपाँडर चालतात. पूर्वी खेड्यात वीज नव्हती तेव्हा रेडिओची बॅटरी तालुक्याच्या गावाहून चार्ज करून आणायचे, तसेच. दोन्ही यंत्रे मिळून सरासरी ३ अँपिअर वीज घेतात असे धरू. विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर. अहमदाबाद ते जुहू सरळ रेषेत सुमारे ४४० किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तास. बॅटरी ७ अँपिअर-तासांची, अगदी नवी, पूर्ण चार्ज. सातला तीनने भागले की दोन तास वीस मिनिटे. तेवढ्यात विमान ३७३ किलोमीटर येते. डहाणू मागे पडते आणि पालघरच्या आसपास रेडिओ गप्प होतो. नेमके जिथून पुढे मुंबईचे गर्दीचे आकाश सुरू होते तिथे.

हे नव्या बॅटरीचे. जुनी झालेली बॅटरी ८० टक्केच वीज साठवत असेल तर? मग ती वापीवरच संपते. डहाणूला पोहोचतही नाही.

आता उलट बाजूने हिशेब करू. पावणेतीन तास प्रवास, वर अर्धा तास शिल्लक हवा. सव्वातीन तास गुणिले ३ म्हणजे पावणेदहा अँपिअर-तास. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत उतरली तरी एवढे मिळायला हवेत, म्हणजे नवी घेताना १२ हून थोड्या जास्त हव्यात. अर्धा तास शिल्लक हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. अलीकडच्या लहान विमानांच्या नियमांत असे आहे, की वीज तयार करणारे यंत्र पूर्ण बंद पडले तर बॅटरीने आवश्यक उपकरणे निदान ३० मिनिटे चालवली पाहिजेत. डहाणूवरून जुहू सरळ रेषेत ९७ किलोमीटर आहे. आपल्या हिशेबातल्या विमानाला ३६ मिनिटे लागतात.

इथे एक खोच आहे आणि अनुभवी माणसेही तिच्यात अडकतात. बाजारातल्या बॅटरीवर ‘७ अँपिअर-तास’ किंवा ‘१२ अँपिअर-तास’ असे छापलेले असते ते बहुधा वीस तास हळूहळू वीज काढली तर. विमानाच्या बॅटरीवरचा आकडा असतो एका तासात काढली तर. पाण्याची कळशी थेंब थेंब रिकामी केली काय आणि एकदम ओतली काय, पाणी तेवढेच निघते. बॅटरीचे तसे नाही. घाईने काढली तर कमी निघते. तेव्हा दोन बॅटऱ्यांवर आकडा एकच दिसला म्हणून त्या सारख्या नव्हेत. वरचा माझा हिशेबही म्हणूनच उदार आहे. प्रत्यक्षात बाजारातली बॅटरी पालघरच्या बरीच आधी दम सोडेल.

जात कोणती निवडायची हा पुढचा प्रश्न. गॅस्टन प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाची बॅटरी शोधली, आणि जुन्या विमानांत अजूनही तिचेच वंशज आहेत. एका घराचा दाब दोन व्होल्ट, सहा घरे म्हणजे १२ व्होल्ट, बारा घरे म्हणजे २४. विमान १२ चे की २४ चे ते आधी पाहायचे, त्यात निवडीला वाव नाही. वाव आहे तो पुढे. एक प्रकार ओला, म्हणजे ज्यात अ‍ॅसिड मोकळे असते आणि डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. मोटारीच्या बॅटरीसारखाच, पण एक गंमत निराळी. विमान कलंडते, कसरतीत उलटेही होते. म्हणून विमानाच्या ओल्या बॅटरीच्या झाकणात शिशाचा छोटा गोळा असतो. बॅटरी उलटी झाली की तो गोळा भोक बंद करतो आणि अ‍ॅसिड आतच राहते. दुसरा प्रकार बंद बॅटरीचा. त्यात काचेच्या बारीक तंतूंच्या गादीत अ‍ॅसिड शोषून ठेवलेले असते. पाणी घालायला नको, सांडायची भीती फार कमी. तिसरा प्रकार हल्लीचा, लिथियमचा. वजनाला पिसासारखा, शिशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

हलकी म्हटल्यावर लिथियमच घ्यावी असे कुणालाही वाटेल. जुन्या विमानाच्या बाबतीत मी तरी हात आखडता घेईन. एक तर तिला चार्ज करणारा दाब मर्यादेत राहिला पाहिजे, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा जनरेटर नि त्याचा रेग्युलेटर ही काही नाजूक यंत्रे नव्हेत. तिच्या पोटातले संरक्षक सर्किट बिघाड पाहून बॅटरी तोडून टाकते, आणि मग भरधाव जनरेटरची वीज जायची कुठे असा प्रश्न उभा राहतो. दुसरे म्हणजे हलकेपणाच नडतो.

ते कसे पाहा. कितीतरी लहान विमानांत बॅटरी वैमानिकाच्या मागे, शेपटीच्या बाजूला बसवलेली असते. पुढे जड इंजिन, त्याला मागे थोडे वजन हवे म्हणून. समजा, रिकामे विमान ४०० किलोचे आहे आणि बॅटरी त्याच्या गुरुत्वमध्यापासून अडीच मीटर मागे आहे. नवी बॅटरी जुनीपेक्षा ५ किलोने हलकी घेतली, तर गुरुत्वमध्य तीन सेंटीमीटर पुढे सरकतो. तराजूची दांडी ज्याने धरली आहे त्याला कळेल. तीन सेंटीमीटर ऐकायला काहीच नाही, पण लहान विमानाला मुळात मुभाच काही इंचांची असते. नाक जड झालेले विमान उतरताना वैमानिकाच्या हाताला ऐकत नाही. म्हणून बॅटरी बदलली आणि वजनात फरक पडला, की विमानाचा वजन-तोलाचा कागद नव्याने मांडावा लागतो. जीपची बॅटरी बदलताना हा विचार कुणी करत नाही, करायची गरजही नाही.

बसवण्याचे काम म्हटले तर तासाभराचे. पण त्यातले प्रत्येक बारीक पाऊल कुणाच्या तरी अपघाताने शिकवलेले आहे. काढताना आधी निगेटिव्हची तार काढायची, लावताना ती सगळ्यात शेवटी. विमानाचा सांगाडाच निगेटिव्हला जोडलेला असतो. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर शेकडो अँपिअरची ठिणगी उडते. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. ठिणगी आणि हायड्रोजन एका पेटीत नकोत. म्हणूनच बॅटरीच्या पेटीला हवा जायला नळी असते आणि ती विमानाच्या पोटाखाली बाहेर काढलेली असते. जुन्या विमानांत त्या नळीच्या वाटेत एक बरणी दिसते आणि बरणीत खाण्याच्या सोड्यात भिजवलेली नमद्याची चकती. अ‍ॅसिडची वाफ सोड्यात मरते आणि बाहेर पडते ती निरुपद्रवी. भज्यात घालतात तोच सोडा. गळालेले अ‍ॅसिड पुसायलाही तोच.

अ‍ॅसिडचे भय जुन्या विमानात का जास्त, ते त्याच्या अंगावरून कळते. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता, वर कापड. त्यानंतरच्या लेपर्ड मॉथचा सांगाडा प्लायवूडचा. पोलाद गंजते, ॲल्युमिनियमला भोके पडतात, सुती कापडाचा चोथा होतो, आणि लाकूड आतून सडते ते बाहेरून दिसत नाही. म्हणून नवी बॅटरी ठेवण्याआधी पेटी उचलून खालची जागा पाहायची, सोड्याच्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची, अ‍ॅसिडला न जुमानणारा रंग द्यायचा. आपल्या किनाऱ्यावर तर मिठाची हवा. टर्मिनलवर हिरवट बुरशी धरायला पावसाळा पुरतो. नवी बॅटरी जुन्या, कुजलेल्या तारेला जोडणे हा पैशांचा अपव्यय आहे, आणि पुष्कळदा ‘बॅटरी गेली’ म्हणतात तेव्हा बॅटरी ठणठणीत असून तारच गेलेली असते.

हे सारे परवानाधारक अभियंत्याच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखाली होते, आणि ते विमानाच्या लॉगबुकात तारखेसह, सहीसह नोंदले जाते. त्या विमानाच्या कागदपत्रांत जी बॅटरी मान्य आहे तीच बसवायची. ‘तशीच दिसते, स्वस्तात मिळाली’ हे चालत नाही. जुन्या विमानाच्या मालकाला याचा कंटाळा येतो हे खरे. पंखा हाताने फिरवून उडवलेल्या विमानाला आता एका बॅटरीसाठी चार कागद लागतात. पण त्याच विमानाच्या खाली आता वस्ती किती वाढली आहे तेही पाहायला हवे.

शेवटचे काम मला सगळ्यात आवडते. बॅटरी आणि तिच्या तारांतून वीज वाहू लागली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि होकायंत्राची सुई बहकते. म्हणून विजेच्या कामात मोठा बदल झाला, तारा हलल्या, की विमान मोकळ्या जागेत नेऊन, इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून, तीस-तीस अंशांनी गोल फिरवतात आणि प्रत्येक दिशेला होकायंत्र किती चुकते ते टिपून घेतात. ते आकडे एका पट्टीवर लिहून होकायंत्राखाली चिकटवतात. १९३२ साली डहाणूवरून जाणाऱ्या वैमानिकाजवळ भरवशाचे म्हणून जे एक यंत्र होते, तेच बॅटरीमुळे खोटे बोलू लागू शकते. पाच अंश चुकलेले होकायंत्र ४४० किलोमीटरच्या वाटेवर माणसाला साधारण ३८ किलोमीटर बाजूला नेते. जुहूऐवजी एकीकडे नुसता समुद्र, दुसरीकडे डोंगर.

टाटांनी तो प्रवास पुन्हा केला. १९६२ मध्ये एकदा, आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षे झाली म्हणून, लेपर्ड मॉथमधून, वयाच्या ७८ व्या वर्षी, पुन्हा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला. त्यानंतर १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिक मुलीने त्याच स्मृतीसाठी भुज ते अहमदाबाद ते जुहू असे उड्डाण केले. १९३२ सारखेच, जीपीएस न वापरता. त्याआधी २०१९ मध्ये ‘लाइट स्पोर्ट’ वर्गातल्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली महिला ठरली होती. तिचे ‘माही’ हे विमान पिपिस्ट्रेल कंपनीचे, रोटॅक्स ९१२ इंजिनाचे. या इंजिनाची ठिणगीही त्याच्याच पोटात तयार होते, बॅटरीवर ती अवलंबून नाही. मात्र ते सुरू करायला बॅटरीच लागते. हाताने पंखा फिरवून लावायचे दिवस त्या विमानाने पाहिलेलेच नाहीत. म्हणजे नव्वद वर्षांत ढकलणारा माणूस गेला, आणि बाकी गोष्ट बरीचशी तीच राहिली.

यातले थोडेसे त्या दिवशी व्हरांड्यातून जाता जाता त्या मुलीला सांगितले होते. विमानाची बॅटरी ८० टक्क्यांवर आली की काढून टाकतात हे ऐकून ती थबकली. ‘‘फेकतात? मग ती आमच्या जीपला चालेल ना?’’

विमानाची बॅटरी लहान असते. डिझेल जीपला साठ-सत्तर अँपिअर-तासांची तरी हवी. चालणार नाही, असे मी म्हणालो. तिने थोडा विचार केला. ‘‘मग दोन लावल्या तर?’’